हार्डडिस्क नेमकी कुणाची?

कॉम्प्युटर चालू करायचा आणि नुसतं समोर बसायचं. काही उघडायचं नाही. तरी लाल दिवा लुकलुकतोय, आतून कुर्र कुर्र चालूच! बहारीनमध्ये हा आवाज कळत नाही, उन्हाळाभर एसी घुमत असतो. सातारा-सांगलीकडे रात्री नऊनंतर मात्र चांगलाच ऐकू येतो, आणि मग इथे मनामात माझा फोन वाजतो. (इथे शुक्रवारी सुट्टी, हे आता तमाम नातेवाइकांना पाठ झालंय.)

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं. "व्हायरस आहे, फॉरमॅट मारू." नाहीतर "डिस्क गेली." अहो, गेली कुठे? राबतेय बिचारी! आणि फॉरमॅट मारला की सगळे अपडेट आणि फायलींची सूची पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे कुरकुर वाढणारच.

राबवून कोण घेतंय? खुद्द विंडोज. २००७ साली व्हिस्टाबरोबर सुपरफेच आलं, तुम्ही पुढे काय उघडाल याचा अंदाज बांधून ते आधीच वाचून ठेवणारं. आता त्याचं नाव सिसमेन. शिवाय सर्च इंडेक्सर, डिफेंडरची तपासणी, अपडेट, आणि तुमच्या वापराची माहिती गोळा करणारी टेलिमेट्री. म्हणे ही कामं कमी प्राधान्याने होतात. असतील. पण डिस्कची सुई एकच असते हो! ७२०० फेऱ्यांच्या डिस्कला कुठेतरी विखुरलेला एक तुकडा गाठायला साधारण १२-१३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी उड्या. त्यातल्या निम्म्या इंडेक्सरने खाल्ल्या तर तुमची वर्डची फाइल रांगेत उभी.

माझा खरा राग वेगळाच आहे. विंडोज ८ पासून देखभालीची कामं रात्री दोन-तीनच्या सुमारास ठरवलेली असतात. कोणाच्या घरात रात्री तीनला कॉम्प्युटर चालू असतो? आपल्याकडे काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करतात, आणि ते योग्यच आहे, विजेचं बिल कोण भरणार? मग राहिलेली कामं दिवसा, तुम्ही चहाला उठलात की सुरू. ज्याने हे ठरवलं त्याच्या डोळ्यांसमोर सदैव चालू असलेलं, भरपूर वीज आणि अमर्याद इंटरनेट असलेलं घर होतं. इचलकरंजीचं नव्हतं.

"एसएसडी टाका" हा सल्ला बरोबर आहे, मीही देतो. पण त्यांच्या कामांसाठी पैसे आपण का मोजायचे?

असो. आधी चोर तरी बघा. स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर शोधा, डिस्कच्या पानावर जाऊन 'टोटल' या रकान्यावर टिचकी मारा. कोणता प्रोग्राम कुठली फाइल चघळतोय ते नावानिशी दिसेल. इंडेक्सर वर असेल तर इंडेक्सिंग ऑप्शन्समधून नको ते फोल्डर काढा. सिसमेन असेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन बंद करून दोन दिवस बघा. डिफेंडर असेल तर त्याला बंद करू नका, तपासणी पूर्ण होऊ द्या. रविवारी दुपारी तासभर मशीन चालू ठेवून खुशाल झोपा. आणि सतत पेजफाइलच वर दिसत असेल, तर रॅम कमी पडतेय. तेवढ्यापुरता दुकानदार रॅम वाढवा म्हणाला तर ऐका.