रोपाबरोबर मातीही न्यावी

प्रतिवर्षीं मृगाचा पाऊस पडला कीं शाळाशाळांतून खड्डे खणले जातात, रोपें लाविलीं जातात आणि त्यांची संख्या वहींत नोंदली जाते. २०१६ सालच्या १ जुलै रोजीं महाराष्ट्रांत २ कोटी रोपें लावण्याचा सरकारी संकल्प झाला. तोच आंकडा पुढें ४ कोटी, १३ कोटी आणि २०१९ सालीं ३३ कोटींवर गेला. परंतु आमच्या सोनपेठच्या बाजूस रोपाची खरी परीक्षा जुलैंत नसून पुढल्या मे महिन्यांत असते. गोदाकाठची काळी जमीन पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि भेगांबरोबर कोवळीं मुळेंही तुटतात. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांस आठवतो. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें तर आजच्या पालकांच्या डोळ्यांदेखत घडलें.

रोप कां मेलें, असें विचारल्यास ‘पाणी मिळालें नाहीं’ हेंच उत्तर येतें. तें खरें आहे, पण पुरतें नाहीं. झाड एकटें पाणी पीत नसतें. कडुनिंब, आंबा, चिंच यांच्या मुळांत एक सूक्ष्म बुरशी घर करून राहते. मूळ आणि बुरशी यांच्या अशा सोयरिकीस फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ सालीं ‘मायकोरायझा’ असें नांव दिलें. बुरशीचे तंतु मुळांवरील केसांहूनही बारीक असतात. मुळाचा शिरकाव होत नाहीं अशा फटींतून ते पाणी व स्फुरद आणून झाडास देतात, आणि झाड त्या बदल्यांत पानांत केलेली साखर देतें. यांत उपकार कोणाचेच नाहींत. रोखीचा व्यवहार आहे. मला विशेष नवल वाटतें तें जिवाणूंचें. पाण्याचा तुटवडा पडला कीं झाडाच्या अंगांत इथिलीन नांवाचा वायु वाढतो आणि मुळांची वाढ खुंटते. मुळांलगतचे कांहीं जिवाणू ज्या द्रव्यापासून तो वायु होतो तें द्रव्यच खाऊन टाकतात. मग मूळ तहान सोसूनही वाढत राहतें.

२०२३ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनीं निरनिराळ्या हवामानाच्या जागांची माती आणून तिच्यांतील सूक्ष्म जीव रोपांस दिले. कोरड्या जागेचे जीव मिळालेलीं रोपें दुष्काळांत अधिक तगलीं, थंड जागेचे मिळालेलीं थंडींत.

यावरून माझें मत असें झालें आहे कीं, रोपाबरोबर माती कोठली जाते हेंही पाहिलें पाहिजे. रोपवाटिकेंतील रोप पिशवींत, रोज पाणी पिऊन लाडांत वाढलेलें असतें. त्याच्या मातींतील जीवांसही तहानेची संवय नसते. उलट माळावर, कोणी घागरभर पाणी न घालतां उभ्या राहिलेल्या जुन्या कडुनिंबाखालच्या मातीनें अनेक दुष्काळ पाहिले आहेत. तेथील ओंजळभर माती खड्ड्यांत घालण्यास पैसा लागत नाहीं. रोगट झाडाखालची मात्र घेऊं नये. मातीबरोबर रोगही येतो.

कोणी पालक म्हणतील, त्यापेक्षां मूठभर खत घालावें. पण स्फुरद फार झालें कीं झाड बुरशीशीं व्यवहार कमी करतें. घरांत कणगी भरलेली असतां बाजारास कोण जातो? आणि अंगणांतला पालापाचोळा झाडून पेटवून देण्याच्या आपल्या संवयीस काय म्हणावें! ज्या अन्नावर हे जीव जगतात तेंच आपण जाळतों.

येत्या पावसाळ्यांत शाळेच्या आवारांत २० खड्डे घ्यावे. १० खड्ड्यांत अशी माती घालावी, १० खड्ड्यांत घालूं नये, पाणी सर्वांस सारखें द्यावें. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. तेथील जाणत्या मंडळींचा सल्ला आधीं घ्यावा. मुलामुलींनीं दरमहा रोपांची उंची मोजून लिहावी, आणि किती हिरवीं राहिलीं, किती वाळलीं, हा मे अखेरचा हिशेब पुढल्या अंकांत छापावा, मग तो माझ्या मताच्या विरुद्ध गेला तरी.