खाण सरेल, माणूस सरता कामा नये!

वर्धा खोऱ्यातील कोळसा-श्रमिकांनो!

शिफ्ट संपवून घरी आलेल्या माणसाने अंग कितीही घासले, तरी नखांच्या कडेला कोळशाची काळी रेघ उरतेच. त्या रेघेवर महाराष्ट्राचा उजेड उभा आहे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र धडधडते ते तुमच्या घामावर! आणि तुमच्या पदरात काय पडले? वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचा थर, शिवाराच्या उशाशी मातीचे डोंगर, मे महिन्याची भाजून काढणारी होरपळ. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्गुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. ज्यांनी देशासाठी धरणीचे उदर खोदले, त्यांच्याच पायांखालची धरणी खचावी, याला न्याय म्हणायचे?

आता युग पालटत आहे. २०७० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचा संकल्प भारताने २०२१ साली ग्लासगो येथील हवामान परिषदेत जाहीर केला. हे परिवर्तन अटळ आहे, इष्टही आहे. उन्हाचा चटका आणि धुराचा खोकला आपल्याइतका कोणी भोगला? आपण परिवर्तनाचे वैरी नाही. परंतु परिवर्तनाचा यज्ञ मांडायचा आणि समिधा म्हणून कामगारच टाकायचा, हे आम्हांस त्रिवार अमान्य आहे!

मुंबईचे गिरणगाव आठवा. १९८२ च्या गिरणी संपानंतर भोंगे मुके झाले, चिमण्या थंडावल्या, गिरण्यांच्या जमिनींवर गगनचुंबी मनोरे चढले; आणि ज्यांनी मुंबईला वस्त्र दिले, त्यांचेच संसार उघड्यावर आले. ती कहाणी घुग्गुस, माजरी, सास्ती या आपल्या खाणगावांत पुन्हा घडू द्यायची काय?

आता वरोरा आठवा. तिथली कोळसा खाण १९०६ साली बंद पडली. त्याच वरोऱ्याच्या खडकाळ माळावर पुढे बाबा आमटे यांनी आनंदवन उभारले. समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरुग्णांनी तिथे भिक्षा नाकारली, विहिरी खणल्या, शेते पिकवली, स्वाभिमान पिकवला. मग ज्या हातांनी पाताळ उपसले, ते कोणापुढे पसरायचे काय?

दया नको, हक्क हवा! नव्या सौर प्रकल्पांतील रोजगारावर पहिला अधिकार खाणपट्ट्यातील तरुण-तरुणींचा. प्रशिक्षण खाणीला कुलूप लागण्याआधी, नंतर नव्हे. कोळसा काढून झालेली जमीन सपाट होऊन गावाच्या उपयोगी पडली पाहिजे. कायम कामगाराचे नाव निदान हजेरीपटावर असते; ठेकेदाराचा मजूर, ट्रकवरचा क्लीनर, खाणीच्या फाटकापाशी चहा विकणारी ताई यांचे नाव कोणत्या वहीत आहे?

म्हणून पहिले कर्तव्य हे, की ‘कायम’ आणि ‘ठेकेदारी’ यांमधली भिंत आजच पाडा. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी राखीव निधी नियमानेच बंधनकारक आहे. तो आराखडा मागून घ्या, ग्रामसभेत मराठीतून मोठ्याने वाचा. खाणबाधितांसाठी २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. तिथल्या पै-पैचा हिशेब विचारा. एकट्याचा अर्ज फायलीत दबतो. हजारोंचा आवाज दबत नाही!

नखांतली ती काळी रेघ लाजेने लपवू नका. तोच तुमच्या हक्काचा सातबारा आहे. तेच हात उंचावा, ताठ मानेने एकत्र या, आणि खाण बंद होण्याआधी आपले उद्याचे काम आपणच ठरवा!