तानसा-भातशाच्या बातम्या आणि इंग्रजीचा धडा

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवावयाचा असेल तर इंग्रजी वर्तमानपत्र नित्य वाचावे, हा उपदेश आपल्याकडील शाळामास्तर पिढ्यान् पिढ्या करीत आले असून, तो शिरसावंद्य मानून वही घालणाऱ्या, तिच्यात रोज दहा-पाच अवघड शब्द अर्थासह उतरवून घेणाऱ्या आणि महिन्याभरात त्यांतील बहुतेक विसरून जाणाऱ्या विद्यार्थ्यांची परंपराही तितकीच जुनी आहे. उपदेश खोटा नाही. तो अपुरा आहे. कोणती बातमी वाचावी, ती वाचण्यापूर्वी काय ठाऊक असावे आणि एकदा हाती घेतल्यावर तिला किती दिवस धरून राहावे, याचा उलगडा कोणी करीत नाही, आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडकडच्या मुलांचे नुकसान नेमके या जागी होते.

या प्रश्नाचा विचार मराठी वृत्तपत्राच्या जन्माबरोबरच झालेला होता. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले, तेव्हा त्यांनी एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी अशी योजना केली. आणि एतद्देशीय लोकांत पाश्चात्य विद्येच्या अभ्यासाची आवड उत्पन्न व्हावी, हा त्या योजनेमागील प्रकट हेतू होता. पुढे ‘इंदुप्रकाश’ आणि ‘नेटिव्ह ओपिनियन’ याच द्वैभाषिक वाटेने गेले, आणि १८८८ साली निघालेल्या ‘सुधारका’त आगरकर मराठी व गोखले इंग्रजी बाजू सांभाळीत होते. जांभेकरांच्या मांडणीतील मर्म असे की, मजकुराचा आशय वाचकाच्या मनात स्वभाषेतून आधीच उतरलेला असल्यामुळे परक्या शब्दाला नुसते त्या आशयाला येऊन चिकटावयाचे असते. अर्थ आणि शब्द ही दोन्ही ओझी एकाच वेळी उचलण्याची सक्ती वाचकावर होत नाही. आज अमेरिकेतील व्याजदरांविषयीचा अग्रलेख खेड्यातील मुलापुढे ठेवून त्यातले शब्द त्याच्याकडून घोकून घेणारे शिक्षक नेमकी ही सक्ती करीत असतात.

आता शहापूर तालुका पाहा. मुंबई महापालिकेला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांपैकी १८९२ साली पुरा झालेला तानसा आणि एकट्यानेच महानगराची जवळजवळ निम्मी तहान भागविणारा भातसा याच तालुक्यात आहेत. जून उजाडला की मुंबईची इंग्रजी दैनिके या तलावांची पातळी रोजच्या रोज छापू लागतात आणि हा शिरस्ता सप्टेंबर सरेपर्यंत चालतो. साता तलावांची एकूण साठवणक्षमता १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, हा आकडा त्यांत पुनःपुन्हा येतो. ‘कॅचमेंट’, ‘स्टोअरेज’, ‘ओव्हरफ्लो’, ‘डिस्चार्ज’, ‘वॉटर कट’ हे शब्द तर इतक्या वेळा येतात की विसरावयाचे म्हटले तरी विसरता येऊ नयेत. तानसा भरून वाहू लागल्याचे ज्या मुलाने इंग्रजी दैनिकाच्या आधी आपल्या मामाकडून ऐकले, नदीकाठच्या गावांना दिलेला सावधगिरीचा इशारा ज्याच्या घरी पोहोचला, त्याला त्या बातमीतील इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात धुंडाळावा लागत नाही. तीच गोष्ट वैशाखातील टँकरची. ज्या तालुक्यातून मुंबईला पाणी जाते त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. या अन्यायाच्या बातम्या इंग्रजीतही छापून येतात, आणि ‘स्कॅर्सिटी’ म्हणजे काय हे त्या पाड्यांवरील मुलांना शिकविण्याची पात्रता कोणत्या शिक्षकापाशी आहे, हे मला कळत नाही.

शब्द मनात रुजतो तो पुनरावृत्तीने, आणि तीही निरनिराळ्या वाक्यांतून झालेल्या पुनरावृत्तीने. म्हणून रोज नवी बातमी घेऊन तिच्यातले दहा शब्द टिपण्यापेक्षा एकच बातमी तीन आठवडे धरून ठेवणे अधिक फलदायी ठरते. भूसंपादनाचे प्रकरण असेल तर जाहीरनामा, हरकती, मोबदला, अपील असा त्याचा क्रम मराठीत घरोघर ठाऊक असतो. मोगलाई-पेशवाईच्या अमलापासून कचेरीतले फारसी शब्द आपल्या कुणब्यांनी याच रीतीने, जमिनीच्या काळजीपोटी, पाठशाळेवाचून आत्मसात केले आहेत. एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी: मथळ्यावरून शब्द उचलू नयेत. इंग्रजी मथळ्याची भाषा जागेच्या टंचाईतून जन्मलेली असल्यामुळे ती घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळात सांगते, उपपदे गाळते, आणि मान्यतेला ‘नॉड’, चौकशीला ‘प्रोब’ असे आखूड शब्द वापरते, जे अर्जात किंवा संभाषणात घातले तर विचित्र दिसतात. विद्यार्थ्याने दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदापासून वाचावयास लागावे, हे बरे.

वर्तमान बातमीच हवी असेही नाही. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मुरबाडकडील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात हौतात्म्य आले. माथेरानचे वकील असलेल्या कोतवालांनी उभारलेल्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत पथकाने विजेचे मनोरे पाडून सरकारला कसे जेरीस आणले, हे मुरबाडच्या मुलाला पाठ असते. त्या वृत्तान्ताचे सरळ इंग्रजी टिपण त्याच्यापुढे ठेवा. फरारी, फितूर, बक्षीस, चकमक यांपैकी एकही कल्पना त्याला समजावून सांगावी लागणार नाही; ‘अ‍ॅब्स्कॉन्डर’, ‘इन्फॉर्मर’, ‘रिवॉर्ड’ हे शब्द तो कथेच्या ओघातच उचलील, आणि एखादे वाक्य चुकीचे वाटले तर त्याविरुद्ध फिर्यादही करील, जे पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत त्याच्या हातून क्वचितच घडते.

यावर असा आक्षेप येईल की, अशाने मुलाचे इंग्रजी तालुक्याच्या शिवेत कोंडले जाईल. मला ही भीती निराधार वाटते. ‘कॅचमेंट’ भातशावर शिकलेला मुलगा तो शब्द कावेरीच्या तंट्यात ओळखतो, आणि ‘कॉम्पेन्सेशन’ मुरबाडात कळलेला मुलगा विम्याच्या कागदावर अडखळत नाही. उलट क्रमाने जाणाऱ्याला मात्र दोन्हीकडे अडावे लागते. इसवी सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. तो निर्णय योग्य होता की नव्हता हा वाद येथे उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. पण इतकी वर्षे शिकूनही इंग्रजी दैनिकाचे पान परके वाटत असेल, तर वर्षांच्या संख्येत वाढ करण्याआधी त्या पानावर काय वाचावयास देतो हे तपासणे सोयीचे नव्हे काय? डोंगरातील दूरच्या वाड्यांवर इंग्रजी दैनिक पोहोचत नाही हे खरे. तथापि आठवड्यातून एक मराठी आणि एक इंग्रजी कात्रण, दोन्ही एकाच घटनेची, फळ्याशेजारी चिकटविण्यास शिक्षकाला डिंक आणि थोडी चिकाटी यांपलीकडे काही लागत नाही.

व्याकरण मात्र या मार्गाने येणार नाही. वर्तमानपत्राची वाक्ये घाईत लिहिलेली असतात, वार्ताहराच्या आणि उपसंपादकाच्या सवयी त्यांत मिसळलेल्या असतात, आणि काळ व उपपदे यांचे नियम त्यांतून अनुमानाने काढू गेल्यास फसगत होण्याचाच संभव अधिक. त्यासाठी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेसारखे जुने, कडक शिस्तीचे पुस्तक घेऊन बसावे लागेल, आणि त्या बैठकीला भातशाचे पाणी उपयोगी पडणार नाही.