आधी मिस्साची वेळ

धर्मग्रामाची वेबसाइट नव्याने मांडायची म्हटली की पहिली मागणी मोठ्या फोटोंची येते. सणाची मिरवणूक, सजलेली वेदी, मुलांचा प्रथम कम्युनियन. पान उघडताच प्रसन्न वाटलं पाहिजे, असं सांगतात. प्रसन्नतेला माझी हरकत नाही. पण मागच्या उपवासकाळात एमआरटी मेट्रोत उभ्या उभ्या मी सिंगापूरमधल्या एका चर्चचं पान उघडलं, तर एकामागून एक फोटो सरकत राहिले. मिस्साची वेळ होती बुलेटिनच्या पीडीएफमध्ये. कागदासाठी जुळवलेली ती बारीक अक्षरं बोटांनी ताणताणून वाचेपर्यंत मिस्सा सुरू झाली होती.

‘वेळा सगळ्यांना पाठ आहेत,’ असं यावर उत्तर मिळतं. पाठ आहेत त्या आपल्याला. वेबसाइट कशी असावी हे जे ठरवतात, त्यांना ती उघडायची वेळच येत नाही. सगळं घोडं अडतं ते इथे. ती लागते कालच वसईहून नोकरीला आलेल्या मुलाला, तमिळ मिस्सा शोधणाऱ्या मजुराला, घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बाईला. घरकामगारांना इथे २०१३पासून आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळाली, तरी संमतीने पैसे देऊन त्या दिवशी काम करून घेता येतं. महिन्यातली एक सुट्टी तरी अशी पैशांवर जाऊ नये, हा नियम व्हायला २०२३ उजाडलं. त्या मोजक्या रविवारांतला अर्धा तास आपण स्लाइड शोत घालवायचा?

टेलिग्रामचा ग्रुप आहेच, हेही ऐकतो. ग्रुप आत आलेल्यांसाठी असतो. अजून उंबऱ्याबाहेर असलेल्याला तो दिसतही नाही.

आणि म्हाताऱ्यांना हे जमत नाही, ही समजूत तर कोविडनेच खोडून काढली. फेब्रुवारी २०२०मध्ये सार्वजनिक मिस्सा थांबल्या. पुढे त्या सुरू झाल्या, तेव्हा महाधर्मप्रांताच्या पोर्टलवर जागा नोंदवावी लागे. सप्टेंबर २०२४मध्ये नॅशनल स्टेडियमवरच्या पोप फ्रान्सिस यांच्या मिस्साच्या तिकिटांची सोडतही ऑनलाइनच झाली. नातवंडांच्या मदतीने का होईना, आजी-आजोबांनी ते निभावलं. त्यांना नडतात ती क्रीम रंगावरची करडी अक्षरं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान साडेचारास एक असावा, असं वेबचं मान्य मानक सांगतं.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या पडद्यावर आजच्या आणि येत्या रविवारच्या मिस्सा असाव्यात, प्रत्येकीपुढे भाषा. खाली पापनिवेदनाची वेळ, जवळचं स्टेशन, व्हीलचेअरची वाट, कार्यालयाचा फोन. हे सारं मजकूर म्हणून लिहिलेलं हवं. पोस्टरच्या चित्रात अडकलेली वेळ अंध माणसाच्या फोनला नीट वाचून दाखवता येईलच असं नाही. शेवटचा बदल कधी केला ती तारीखही हवी, कारण पवित्र सप्ताहात गेल्या वर्षीच्या वेळा दिसल्या की माणूस पुन्हा विश्वास ठेवत नाही. फोटो त्याखाली खुशाल लावा.

स्वयंसेवकांनी रात्री जागून केलेलं काम मला ठाऊक आहे, त्याची कदर आहे. त्यांना एवढंच सांगेन: नवं पान समितीला दाखवण्याआधी शनिवारी नोव्हेना स्टेशनवर जा. ज्या चर्चच्या नोव्हेनेवरून स्टेशनला नाव मिळालं, तिकडे निघालेल्या एखाद्या अनोळखी बाईच्या हाती फोन द्या. उद्याची मँडरिन मिस्सा किती वाजता, विचारा, आणि तिचं बोट आधी कुठे जातं ते बघा.