पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर तुकडा तपासा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभागाचे अधिकारी, महाराष्ट्र राज्य



आशाताई घरोघरी भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे : पाळी बंद झाल्यानंतर रक्तस्राव होतो का? प्रश्न अगदी योग्य. पण तो विचारला जातो ओसरीवर, सून शेजारी आणि मुलगा दारात उभा असताना. सत्तरीची बाई काय उत्तर देणार? ‘हो’ म्हणालीच, तर बऱ्याचदा तिची व्हीआयए तपासणी होते. ही तपासणी गर्भाशयाच्या तोंडापुरती. पिशवीच्या आतल्या अस्तरात काय चाललंय, ते त्यातून कळत नाही.

माझ्या मावशीच्या परकराला डाग पडू लागले, तेव्हा सोनोग्राफी झाली. अस्तर पातळ आहे, काळजी नको, असं सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या. डाग थांबेनात. अखेर क्युरेटिंग केलं आणि सीरस कार्सिनोमा हा अस्तराचा कर्करोग निघाला. तोवर तो पोटात पसरला होता.

अस्तर 4 मिलिमीटरपर्यंत असेल तर सहसा धोका नसतो, हे खरं. पण सीरस प्रकार सुकलेल्या, पातळ अस्तरातही उगवतो. गर्भाशयाच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण जेमतेम 10 टक्के, मृत्यूंत मात्र त्याचा वाटा फार मोठा. म्हणून रक्त पुन्हा दिसलं, की सोनोग्राफी काहीही सांगो, अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा. असा रक्तस्राव होणाऱ्या दहापैकी नऊ जणींना कर्करोग नसतो. त्यांनाही हे खात्रीने कळू दे.

गर्भाशयाचाच दुसरा कर्करोग, सार्कोमा, आणखी फसवा. सोनोग्राफीत तो साध्या फायब्रॉइडसारखा दिसू शकतो. पाळी गेल्यावर फायब्रॉइड आक्रसायला हवा. तो वाढू लागला, तर संशय घ्यायलाच हवा. खात्रीसाठी काढलेली पिशवी तपासायला हवी, पण आपल्याकडे ती ट्रेमध्ये घालून नातेवाइकांना दाखवतात. ती पुढे पॅथॉलॉजीकडे गेली का, हे कोण विचारतं? अमेरिकेच्या एफडीएने 2014 मध्ये सांगितलं होतं, की फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया केलेल्या साधारण 350 बायकांमागे एकीला लपलेला सार्कोमा असतो.

उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेण्याची सोय करा. त्याला सहसा भूल लागत नाही. सरकारी असो वा खासगी, काढलेली प्रत्येक पिशवी तपासणीला जाणं बंधनकारक करा आणि रिपोर्ट बाईच्या हातात द्या. दुर्मिळ प्रकार ओळखायला सरावलेली नजर लागते, तेव्हा शंकास्पद स्लाइड्स टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी पाठवण्याचा खर्च सरकारने उचलावा. आणि आशाताईंना तो प्रश्न बाईला आत, एकटीला विचारायला सांगा.

आपली,
एक भाची