अपघाताचे शेवटचे पाच सेकंद कोणाच्या ताब्यात?

सायरस मिस्त्री यांच्या गाडीला ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला. उदवाड्याहून मुंबईकडे येताना गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. मागच्या दोघांनी सीट बेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले आणि त्यानंतर महिनाभर सगळीकडे बेल्टचीच चर्चा चालली. ती व्हायला हवीच होती. मात्र त्या तपासात आणखी एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. अपघातात सापडलेल्या गाडीने स्वतःच साक्ष दिली.

हा विषय मंडळाच्या वाचकांपुढे ठेवण्याचे कारण सांगतो. चारोटीवरून जाणारा रस्ता आणि निपाणी, संकेश्वर, बेळगाववरून जाणारा आपला रस्ता एकच आहे, राष्ट्रीय महामार्ग ४८. तवंदी घाटात काय होते हे निपाणीकरांना सांगायला नको. आणि उचगावात आता घरटी एक नाही तरी गल्लीत चार-पाच कार दिसतात. मंगळवारी-शुक्रवारी मळेकरणीला येणाऱ्या गाड्यांची रांग पाहिली तरी अंदाज येतो. या गाड्यांमधल्या बऱ्याच नव्या गाड्यांच्या पोटात तसाच साक्षीदार बसलेला असू शकतो, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो.

हा साक्षीदार म्हणजे काय, ते आधी पाहू. एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणारा एक छोटा संगणक गाडीत असतो, बहुधा दोन पुढच्या सीटच्या मध्ये, गिअरच्या आसपास खाली बसवलेला. धक्का किती मोठा आहे, बेल्ट लावला आहे का, हे तो सतत मोजत असतो आणि जुने आकडे पुसून नवे घेत असतो. मोठी धडक झाली की शेवटच्या काही सेकंदांचे आकडे तो कायमचे जपून ठेवतो. गाडीचा वेग किती होता, ॲक्सिलरेटर किती दाबला होता, ब्रेकवर पाय होता का, चालकाचा बेल्ट लावलेला होता का, एअरबॅग किती वेळात उघडली, धडकेत वेग एकदम कितीने घटला, असे ते आकडे. विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा हा धाकटा भाऊ म्हणा, पण फारच धाकटा. यात आवाज नाही, चित्र नाही, तासन्‌तासांची नोंद नाही. साधारण पाच सेकंद, एवढाच त्याचा जीव.

आता चारोटीकडे वळू. अपघातानंतर पहिल्या बातम्या आल्या त्या अशा: गाडी एका नाक्याच्या सीसीटीव्हीत दुपारी २ वाजून २१ मिनिटांनी दिसली आणि तिथून वीस किलोमीटरवर अडीच वाजता अपघात झाला. नऊ मिनिटांत वीस किलोमीटर, म्हणजे ताशी सरासरी १३३. मग मर्सिडीज कंपनीने गाडीतल्या नोंदीवरून पोलिसांना अहवाल दिला. त्यात धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० आणि प्रत्यक्ष आदळताना ८९ असा आकडा आला. पुढच्या उलगड्यासाठी गाडीतली डेटा चिप जर्मनीला पाठवण्यात आली.

त्या वेळी काहींनी म्हटले, पाहा, आधीच्या बातम्या खोट्या होत्या. काही म्हणाले, कंपनी आपली गाडी सांभाळून घेते आहे. मला दोन्ही पटत नाही. पासबुकात ३१ मार्चची शिल्लक दिसते, त्यावरून फेब्रुवारीत खात्यात किती होते ते कळत नाही. तसेच हे. नऊ मिनिटांची सरासरी १३३ असू शकते आणि शेवटच्या पाच सेकंदांत वेग १०० असू शकतो. नाक्याची वेळ आणि अंतर बरोबर असेल तर दोन्ही आकडे सुखाने शेजारी राहतात. पाच सेकंदांची नोंद त्याआधीच्या मिनिटांबद्दल काहीच बोलत नाही.

त्या दोन आकड्यांत अजून एक गोष्ट दडली आहे. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. पाच सेकंदांत गाडी सुमारे १३० मीटर जाते. कोरड्या रस्त्यावर चांगली कार या वेगात पूर्ण ब्रेक मारल्यावर चारेक सेकंदांत थांबते. इथे वेग फक्त ११ ने उतरला. म्हणजे ब्रेक अगदी शेवटच्या क्षणी लागला असेल किंवा हलकाच लागला असेल. यातले खरे कोणते, ते ब्रेकच्या रकान्यातल्या आकड्यांवरून समजते. तोंडी साक्षीत ‘ब्रेक मारला होता’ एवढेच येते, आणि ते दोन्ही बाबतीत खरेच असते. नुसत्या बातमीतल्या दोन आकड्यांवरून कोणाला दोषी ठरवू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये कासा पोलिसांनी गाडी चालवणाऱ्या डॉक्टर बाईंवर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. त्याचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे.

शिवाय चिपमध्ये रस्ता नसतो. त्या पुलाशी तीन पदरी रस्ता दोन पदरी होतो आणि कठडा पुढे आलेला होता. तज्ज्ञांच्या पाहणीत पुलाच्या रचनेवरही बोट ठेवले गेले. गाडीच्या नोंदीत यातले एक अक्षर सापडणार नाही. चालक कोण होता, त्याला डुलकी लागली का, समोर काय आले, हेही नाही. गेल्या वर्षी, १२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान पडले. त्याच्या प्राथमिक अहवालात इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या फरकाने बंद स्थितीत गेल्याची नोंद आली, पण ते का गेले हे त्या अहवालातून कळले नाही. एवढ्या मोठ्या यंत्राची ही गत, तर पाच सेकंदांच्या डबीकडून किती अपेक्षा ठेवायची?

तरीही मी या डबीच्या बाजूचा आहे. कारण दुसऱ्या बाजूला जे आहे ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. १४ जानेवारी २०२५ ला, संक्रांतीच्या पहाटे, आपल्या बेळगाव ग्रामीणच्या आमदार आणि मंत्री लक्ष्मी हेब्बाळकर यांची गाडी कित्तूरजवळ झाडावर आदळली. पहिल्या बातम्यांत कुत्रे आडवे आल्याचे होते, पुढे तक्रारीत मालवाहू वाहनाचा उल्लेख आला. मंत्र्यांच्या अपघातात पहिल्या काही दिवसांत दोन हकिगती फिरू शकतात, तर सामान्य माणसाच्या अपघातात पाच फिरतात. पुण्यात कल्याणीनगरच्या पोर्शे प्रकरणात तर, १९ मे २०२४ नंतर, ससूनमध्ये रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. माणसाच्या हातून जाणाऱ्या पुराव्याचे असे होऊ शकते.

आणि आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे. एफआयआर कन्नडमध्ये, पंचनामा कन्नडमध्ये, मोटार वाहन निरीक्षकाचा अहवालही कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. घरचा कर्ता गेलेल्या बाईला त्या कागदावर सही करायला सांगतात आणि ती करते. पंचनाम्यात रस्त्याची कोणती बाजू लिहिली, टायरच्या खुणा किती फूट लिहिल्या, हे तिला वर्षभराने वकील सांगतो. भाषेचा वाद मी इथे काढत नाही, त्यासाठी दुसऱ्या जागा आहेत. एवढेच म्हणतो की आकडा कुठल्याही भाषेत वाचता येतो.

नोंद कोणाची, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने सांगून टाकले की ही नोंद गाडीच्या मालकाची. पाच सेकंद अपुरे पडतात म्हणून ती वीस सेकंदांची करण्याचा नियमही तिथे डिसेंबर २०२४ मध्ये निघाला. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ही डबी सक्तीची आहे. आपल्याकडे प्रवासी वाहनांसाठी २०१९ पासून ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि संकटकाळचे बटण आले, पण ते गाडी कुठे आहे हे सांगणारे यंत्र. धडकेचे शेवटचे सेकंद जपणे हे त्याचे मुख्य काम नव्हे. कारमध्ये चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. एअरबॅग आली म्हणजे तिचा संगणक आलाच. त्यात काय साठवायचे आणि ते कोणाला वाचू द्यायचे, हे मात्र बहुतेक कंपनीच्या मर्जीवर. चारोटीत मृत व्यक्ती टाटा समूहाचे माजी अध्यक्ष होते, म्हणून कंपनीने तातडीने अहवाल दिला. हत्तरगीजवळ एखाद्या वॅगनआरचा चक्काचूर झाला तर कंपनीला कोण विचारणार?

वाहनकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली, त्यामुळे अपघातानंतर गाडीचे काय होते ते मला ठाऊक आहे. टोचन करून गाडी आधी पोलीस ठाण्याच्या आवारात येते. निरीक्षक ब्रेक, स्टिअरिंग पाहतो आणि ‘यांत्रिक दोष नाही’ असा शेरा देतो. कोर्टातून गाडी सुटते. विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या पाऊणपटीहून जास्त झाला की ‘टोटल लॉस’. मग भंगारवाला बोली लावतो, बँक कर्जाची बाकी वळती करून घेते, ना-हरकत पत्र देते आणि गाडी जाते. अशी ना-हरकत पत्रे मी कितीतरी सही केली आहेत. या साखळीत पोलीस, सर्व्हेअर, बँक, भंगारवाला, सगळे आपापले काम नियमाप्रमाणे करतात. एअरबॅगचा संगणक त्या सांगाड्याबरोबर जातो. कुटुंब तेव्हा दहाव्या-बाराव्याच्या गडबडीत असते. वर्षाने नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील म्हणतो, ‘मृताचाच वेग जास्त होता.’ त्याला उत्तर देणारी वस्तू तोवर वितळून गेलेली असते.

म्हणून अपघातात जीव गेला असेल किंवा मोठी दुखापत असेल, तर गाडी सोडवण्याच्या आधी लेखी पत्र द्यावे. तपास अधिकाऱ्याला, विमा कंपनीला आणि गाडीच्या कंपनीला, तिघांनाही, आणि पोच घ्यावी. पत्रात गाडीचा नंबर, चेसिस नंबर, गुन्ह्याचा नंबर आणि तारीख असावी. मागणी एवढीच की एअरबॅगचे कंट्रोल युनिट काढू नये, विकू नये, पंचनाम्यात त्याची वेगळी नोंद करून ते ताब्यात घ्यावे आणि त्यातली माहिती काढावी. घरच्या कोणीही किंवा गॅरेजवाल्याने ते उघडू नये. एअरबॅग उघडण्याइतकी धडक असेल तर नोंद सहसा पुसली जात नाही, बॅटरी काढली तरी राहते. किरकोळ धडकेची नोंद मात्र पुढच्या धडकेत पुसली जाऊ शकते. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तेव्हा पत्र पहिल्या आठवड्यातच जायला हवे.

माहिती निघाली तरी ती कोर्टात उभी राहायला प्रमाणपत्र लागते. बँकेतल्या लोकांना हे नवे नाही. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट १८९१ चा, आणि संगणक आल्यावर खात्याचा उतारा कोर्टात देताना प्रिंटआउटबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागू लागले. इतर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा वाद जालन्याच्या खटल्यात मिटला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा अर्ज वेळेनंतर आला का, याचे चित्रीकरण होते, पण निवडणूक अधिकारी प्रमाणपत्र देईनात. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रमाणपत्र हवेच. ज्याच्याकडे यंत्र आहे तो देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा, कोर्ट ते मागवून घेईल. गाडीच्या कंपनीच्या बाबतीत हाच रस्ता उपयोगी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे आता त्या प्रमाणपत्रात तज्ज्ञाचा भागही भरावा लागतो.

एक सावधगिरी. नोंद मागितली की ती जे सांगेल ते पदरात घ्यावे लागते. आपल्याच मुलाचा वेग १२० निघाला, बेल्ट नव्हता असे निघाले, तर भरपाईची रक्कम कमी होऊ शकते. वकिलाशी बोलून मगच पाऊल टाकावे. वेगाचा आकडा चाकाच्या फिरण्यावरून काढतात, त्यामुळे चाक घसरले किंवा कंपनीपेक्षा वेगळ्या मापाचे टायर बसवले असतील तर तो थोडा चुकतो. तज्ज्ञाला ते आधीच सांगावे. मागच्या सीटच्या बेल्टची नोंद सगळ्या गाड्यांत नसते. आणि दुचाकीवाल्यांना या सगळ्याचा उपयोग समोरच्या गाडीत डबी असेल तरच. तेव्हा दुचाकीस्वाराच्या घरच्यांनी तेच पत्र समोरच्या गाडीबाबत द्यावे, आणि ते अधिक घाईने, कारण ती गाडी सोडवायला तिचा मालक दुसऱ्याच दिवशी ठाण्यात उभा असतो.

अशा पत्राचा मराठी मसुदा मी करून ठेवला आहे. कन्नड रूपांतर एका निवृत्त शिक्षक मित्राने करून दिले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी मंडळाकडे कळवावे, दोन्ही प्रती देतो.