कमी पगार आणि हक्काचा वेळ



गेल्या वर्षभरात आपल्या गटातल्या तिघींनी आणि मी, अशा चौघींनी जास्त पगाराचे काम सोडून कमी पगाराचे काम घेतले. चौघींनी कारण एकच सांगितले: वेळ. चौघींच्या घरची परिस्थिती वेगवेगळी, पण ऐकणाऱ्यांची प्रतिक्रिया मात्र जणू ठरलेली होती. "बरे झाले, आता घराकडे लक्ष देता येईल." हे वाक्य मी शेजारणीकडून ऐकले, नातेवाइकांकडून ऐकले आणि चळवळीत वीस वर्षे घालवलेल्या एका कार्यकर्तीकडूनही ऐकले. म्हणून या वेळचे संपादकीय याच विषयावर लिहायचे ठरवले.

कामाच्या तासांची चर्चा सध्या बरीच होते, पण ती करणारे बहुतेक पुरुष असतात. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असेही त्यांनी विचारले. त्यावर विनोद पुष्कळ झाले. पण आठवड्याला ९० तास काम करणाऱ्या पुरुषाचा डबा कोण भरते, कपडे कोण धुते, त्याच्या आईला दवाखान्यात कोण नेते, हे फार थोड्यांनी विचारले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतला कामाचा दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांमधला ९ वरून १० तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे, असे सांगितले गेले. आठवड्याचा हिशोब सरकारला पुरतो. जिला सहाच्या आत पाळणाघरातून मूल आणायचे असते, तिला दिवसाचाच हिशोब लागतो.

आपल्याकडे वेळेची मागणी नवी नाही. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांनी लढून मिळवली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, आणि जूनमध्ये मालकांनी सुट्टी मान्य केली. त्या दोघींना व्यासपीठावर येऊन बोलावेसे वाटले, हे मला नेहमी महत्त्वाचे वाटते. रविवारी पुरुषाची गिरणी बंद झाली. बाईची चूल बंद झाली का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आता माझा हिशोब मांडते. पैशाची गोष्ट बायकांनी उघडपणे बोलली पाहिजे असे आपणच शिबिरांत सांगतो. मी एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर बारा वर्षे संस्थांमधून काम केले. शेवटची साडेचार वर्षे मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत प्रकल्प समन्वयक होते. पगार महिना ४२,००० रुपये. कल्याणहून सकाळी आठला निघायचे आणि रात्री नऊला परत यायचे, असे महिन्याचे २५ दिवस. म्हणजे ३२५ तास. रात्री दहानंतर देणगीदारांच्या अहवालासाठी येणारे फोन यात धरलेले नाहीत. आता मी घराजवळच्या कुटुंब सल्ला केंद्रात आहे. पगार २९,००० रुपये. जाण्यायेण्यासह दिवसाचे आठ तास आणि महिन्याचे २४ दिवस, म्हणजे १९२ तास. भागाकार केला तर पूर्वी मला तासाला १२९ रुपये पडत होते, आता १५१ पडतात. लोक म्हणतात पगार कमी झाला. मी म्हणते पगार कमी झाला आणि तासाचा भाव वाढला. दोन्ही खरे आहे. महिन्याअखेरीला मात्र भाव उपयोगी पडत नाही, १३,००० रुपयेच कमी पडतात.

मुलीसाठी सोडले का, असे सगळे विचारतात. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिचे चांगले चालले आहे. मला झोप हवी होती. दिवसाउजेडी घरी यायचे होते. वाचायचे होते आणि संध्याकाळी मैत्रिणीबरोबर तासभर चालायचे होते. बाईने मुलासाठी, सासूच्या आजारपणासाठी पगार सोडला तर तो त्याग ठरतो आणि तिचे कौतुक होते. स्वतःसाठी सोडला तर ती चैन ठरते. लोकलच्या लेडीज डब्यात उभ्याने मटार सोलणाऱ्या बाईचे फोटो आपल्याकडे किती कौतुकाने छापले जातात! ती थकली असेल, असे त्या फोटोखाली कोणी लिहीत नाही.

नवे काम सुरू केल्यावर पहिला महिनाभर मी एक वही ठेवली. रोज जवळजवळ पाच तास हातात आले होते. ते कुठे जातात ते लिहीत गेले. पहिल्या दोन आठवड्यांत त्यातले तीन-साडेतीन तास घरात विरघळले. गॅसवाला मी असतानाच येऊ लागला. सासूबाईंच्या तपासण्या माझ्या वाट्याला आल्या. नणंदेच्या मुलाची शिकवणी आमच्या घरी सुरू झाली. कोणी हुकूम केला नाही. "तू आता असतेसच ना" एवढेच म्हटले. देशभराचे आकडे हेच सांगतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटे आला आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांनी आपलीही नऊ वाचवून घेतली!

वही नवऱ्यापुढे ठेवली. बोलाचाली झाली, दोन दिवस अबोलाही झाला. मग सकाळचा स्वयंपाक आणि आईची औषधे त्याच्याकडे गेली. शिकवणी बंद झाली. आता त्या पाचांपैकी अडीच तास माझे असतात. हे सगळे नव्या कामाच्या आधी बोलून घ्यायला हवे, असे मी पुढच्या मैत्रिणीला सांगेन, कारण एकदा कामे येऊन चिकटली की सोडवायला दुप्पट वेळ लागतो.

घरात दुसरा विषय निघाला तो धुणीभांडी आणि पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचा. पगार कमी झाल्यावर खर्च कुठे कमी करायचा, तर सासूबाई म्हणाल्या, "आता तू लवकर येतेस, मग बाई कशाला?" यावर थोडे थांबून बोलले पाहिजे. ताईंना आमच्याकडून महिना ३,५०० रुपये मिळतात. त्यांची अशी चार घरे आहेत. मध्यमवर्गीय बाई पगार कमी करून घेते तेव्हा घरातली पहिली कात्री दुसऱ्या बाईच्या मजुरीला लागते, म्हणजे माझ्या मोकळ्या संध्याकाळची किंमत तिने भरायची. शिवाय तिचे काम फुकटात माझ्याकडे येते आणि नोकरी सोडून मी पुन्हा ओट्यापाशीच उभी राहते. आम्ही ताईंचे काम चालू ठेवले, दुचाकी बदलायचा बेत पुढे ढकलला आणि एका भिशीतून बाहेर पडलो. हे आम्हाला जमले, कारण नवऱ्याची नोकरी आहे आणि घर सासऱ्यांच्या नावावरचे आहे. पगार कमी करून घ्यायला आधी पगार असावा लागतो. ताईंनी एक घर सोडले तर त्यांच्या मुलाच्या क्लासची फी राहते. एकट्या राहणाऱ्या, घटस्फोटित, कर्ज फेडणाऱ्या मैत्रिणींना हा रस्ता जवळपास बंदच आहे, आणि त्यांना "पैशापेक्षा आयुष्य मोठे" असले उपदेश आपण करू नयेत.

ज्यांना शक्य आहे त्यांनीही कागद नीट बघावेत. आमच्या गटातली एक जण त्याच संस्थेत राहून पूर्णवेळाची पाऊणवेळ झाली. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा तिचा पगार २६,००० होता, तो १९,५०० होणार होता. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात: पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षे. तिची आठ वर्षे झाली होती. जुन्या पगाराने १,२०,००० रुपये होतात, नव्याने ९०,०००. म्हणजे पुढचा पगार कमी झाल्याने मागच्या आठ वर्षांचे ३०,००० रुपये गेले असते. अपंगत्वामुळे कमी पगारावर आलेल्या कामगाराची आधीची वर्षे आधीच्या पगाराने धरावीत, अशी तरतूद १९७२ च्या कायद्यात होती. मूल, म्हातारी माणसे किंवा स्वतःची प्रकृती यांसाठी तास कमी करणाऱ्या बाईचा विचार त्यात नव्हता. कायद्यापेक्षा चांगल्या अटी द्यायला संस्थेला कोणी अडवत नाही. तिने आठ वर्षांचा हिशोब जुन्या पगाराने होईल असे पत्र आधी लिहून घेतले, मगच सही केली. भविष्यनिर्वाह निधीचे तसेच आहे. पगार कमी झाला की तिचा हप्ता घटतो, मालकाचाही घटतो, आणि हे म्हातारपणी कळते.

अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये नोबेल मिळाले. त्यांच्या अभ्यासातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. जो कधीही हाक मारली तरी हजर असतो, त्याला बाजार तासांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त पैसे देतो. घरात दोघांपैकी एकालाच असे हजर राहणे शक्य असते. तो बहुधा नवरा होतो आणि बायको "सोयीचे" काम घेते. म्हणून माझी निवड माझी होती असे म्हणताना मी थोडी सावध असते. नवऱ्याने पगार कमी करून लवकर घरी यावे, हा पर्याय आमच्या घरात चर्चेलाही आला नव्हता. तो मीच आता काढला आहे. उत्तर यायचे आहे.

पगार न कापता तास कमी करता येतात का? आइसलँडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात रेक्याविक महापालिका आणि सरकारने अडीच हजारांवर कर्मचाऱ्यांचा आठवडा ४० तासांवरून ३५-३६ तासांवर आणून पाहिला. पगार तेवढाच ठेवला. कामे अडली नाहीत, आणि पुढे तिथल्या कामगार संघटनांनी करारांमधून ही सवलत पुष्कळ जणांना मिळवून दिली. एकेकीने स्वतःच्या खिशातून वेळ विकत घेणे वेगळे, आणि संघटनेने तो सगळ्यांसाठी मागणे वेगळे.

आता आपल्याच दाराशी येऊ. आपल्या संस्था-संघटनांमध्ये पगाराला आपण मानधन म्हणतो. या शब्दाला तास नसतात. अंगणवाडी सेविकेला मानधन, आशाताई तर स्वयंसेविका, म्हणून त्यांचा दिवस कितीही लांबला तरी कागदावर तो लांबतच नाही. त्यांच्या मोर्चात आपण घोषणा देतो. मग आपल्या कार्यालयातली पूर्णवेळ कार्यकर्ती रात्री अकराला पोलीस ठाण्यात जाते आणि सकाळी दहाला बैठकीला हजर असते, तेव्हा आपण तिला काय म्हणतो? निष्ठावान म्हणतो. जी सहाला उठून जाते तिच्या निष्ठेबद्दल कुजबुज होते. पीडित बाईचा फोन वेळ बघून येत नाही हे मला कळते, मी तेच काम करते. पण रात्रीची पाळी लावता येते, बदली सुट्टी देता येते, आणि सहानंतरच्या बैठका तर नक्कीच बंद करता येतात.

मागच्या महिन्यात आपल्या बैठकीत हा विषय निघाला. तीन तास चर्चा झाली, आणि ती रात्री साडेनऊला संपली, हेही नोंदवून ठेवते. रात्रीच्या फोनसाठी आठवड्याची पाळी आणि दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी एवढे ठरले. जिला तास कमी करायचे आहेत तिचा पगार कापावा की नाही, यावर मात्र एकमत झाले नाही. खजिनदार म्हणाल्या, पैसे नाहीत. दोघी म्हणाल्या, कापला नाही तर पूर्णवेळ राबणारीवर अन्याय. एकीने विचारले, मग सगळ्यांचेच तास कमी का करू नयेत? प्रश्न तिथेच राहिला आहे. तुमच्या गटात, संस्थेत किती तासांचे काम धरतात, मानधन किती, रात्रीच्या कामाचे काय करता, हे पुढच्या अंकाच्या आत लिहून पाठवा. आकड्यांसह पाठवा. नाव छापू नये असे वाटत असेल तर तसे कळवा.